नादार म्हणजे नालायक नव्हे

आमच्या वस्तीत कोर्टाचा बेलीफ आला की लोक दार लावून घेतात. आता भांडीकुंडी जाणार आणि घरचा कर्ता माणूस तुरुंगात, एवढेच त्यांना दिसते. आम्ही पडलो कारकून. असले कागद वाचायला आमच्याकडेच येतात.

नंदुरबारच्या मिरची बाजारात हमाली करणाऱ्या एका बांधवाचा कागद असाच आला. मुलीच्या लग्नासाठी सावकाराकडून घेतलेली रक्कम व्याजाने फुगली. हुकूमनामा झाला, वसुलीची दरखास्त लागली. "दादा, रातोरात सुरतेला निघून जाऊ का?" ते विचारत होते.

आम्ही म्हणालो, पळायचे कशाला? १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे. पाचशे रुपये किंवा जास्त कर्ज असून ते फेडण्याची ऐपत नसेल, तर ऋणको स्वतः जिल्हा न्यायालयात अर्ज करू शकतो. न्यायालयाने नादार ठरवले की त्याची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. मग धनकोला परवानगीशिवाय वसुली करता येत नाही. आपले येणे तिथे सिद्ध करावे लागते. गहाणदाराचा गहाणावरचा हक्क मात्र कायम राहतो. सगळी देणी, सगळी चीजवस्तू खरी सांगावी लागते. लपवाछपवी केली तर शिक्षा आहे.

वहिनी म्हणाल्या, "नादार म्हटले तर लोक काय म्हणतील?" आम्ही विचारले, शाळेत आपल्या पोरांना फीमाफीची नादारी मिळाली, तेव्हा लाज वाटली होती का? त्या नादारीवरच पोरे शिकली.

अर्ज दाखल झाला. निकाल लागायचा आहे. पण आमचे बांधव सुरतेला गेले नाहीत, रोज सकाळी बाजारात कामाला जातात.

बंधू-भगिनींनो, एवढे ध्यानात ठेवा. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे, मजुराची मजुरी यांवर जप्ती येत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. केवळ गरिबीमुळे कर्ज फिटले नाही म्हणून कोणाला तुरुंगात टाकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली सांगितले आहे. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जाती-जमातींना आणि स्त्रियांना मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून आलेले बौद्धही त्यात आहेत.

कोर्टाचा कागद उशीखाली ठेवू नका. त्यावरची तारीख वाचा आणि त्या दिवशी हजर राहा.