शेऱ्याचा रकाना

1987 च्या पावसाळ्यात कल्याण-पनवेल एसटीने मी शीळफाट्याला उतरलो, तेव्हा चपला चिखलात रुतत होत्या आणि खांद्यावरच्या शबनममध्ये गॉर्डन डेव्हिस आणि मार्ग्रेथ ओल्सन यांचं एमआयएसवरचं, म्हणजे व्यवस्थापनाच्या माहितीप्रणालींवरचं, जाडजूड पुस्तक होतं. मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करायचा होता. एका ट्रान्सपोर्टवाल्यासाठी माहितीप्रणालीचा आराखडा. फाट्यालगत पत्र्याची शेड, आत दोन टेबलं, एक काळा फोन आणि दिवाणजी. एवढंच ते ऑफिस.

फाटा तेव्हाही चारी दिशांचा होता. एक रस्ता कल्याणला, एक मुंब्र्यावरून ठाण्याला, एक महापेला, एक तळोज्यावरून पनवेलला. डोंबिवली, महापे, तळोजा या तिन्ही एमआयडीसींचा माल इथून वळायचा. ट्रक टपरीपाशी थांबायचा, ड्रायव्हर कटिंग मागवायचा आणि समोरून आलेल्याला विचारायचा, "पुढे कसं आहे?" उत्तर ऐकून तो रस्ता ठरवायचा. ज्या तपशिलाला अर्थ आलेला असतो आणि जो निर्णयाच्या कामी येतो, ती माहिती, हे मी पुस्तकात वाचलं होतं. शीळफाट्यावर ते चहाच्या ग्लासाबरोबर हातोहात दिलं-घेतलं जाताना पाहिलं.

दिवाणजी बिल्टी करायला बसले की बघत राहावं. माल पाठवणाऱ्याची, घेणाऱ्याची, ड्रायव्हरची आणि ऑफिसची अशा चार प्रती, मध्ये तीन कार्बन. बॉलपेन दाबून लिहायचे आणि शेवटच्या प्रतीवर अक्षर उमटलं की नाही ते दाराच्या उजेडात धरून पाहायचे. मग तोच मजकूर लांबोड्या रजिस्टरात. तारीख, गाडी नंबर, नग, वजन, भाडं आणि सगळ्यात शेवटी अरुंद रकाना, शेरा. तिथे मात्र ते पेन ठेवून पेन्सिल घ्यायचे. "पार्टी दुपारी गेट बंद करते. तीननंतर पाठवणे." "पिंपांना गळती. ताडपत्री दुहेरी." "या गाडीला रात्री घाट नको."

दोन महिने मी तिथे बसलो. कोणता कागद कोणाकडून कोणाकडे जातो त्याचे नकाशे काढले, रोजचा, आठवड्याचा, महिन्याचा असे अहवालांचे नमुने आखले. शेरा वगळला. त्याला ना ठरावीक लांबी, ना संकेतांक. आराखडा दिवाणजींपुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसून एकेक पान पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, काम छान केलंत. पण हे सगळं छापून आल्यावर मी त्यावरून काय करायचं, तेवढं सांगा."

या प्रश्नाने मला पुढची तीस वर्षं शिकवायला लावलं. शिकवताना कळलं, की या विद्याशाखेचा पायाच तो आहे. 1967 मध्ये व्यवस्थापनतज्ज्ञ रसेल ॲकॉफ यांनी लिहिलं होतं, की व्यवस्थापकाचं दुखणं माहितीच्या टंचाईचं कमी आणि बिनकामाच्या माहितीच्या ढिगाचं जास्त आहे. त्याच सुमारास डेव्हिस आणि त्यांचे सहकारी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात या विषयाचं पीएचडीपर्यंतचं शिक्षण उभं करत होते. 1977 मध्ये तिथूनच 'एमआयएस क्वार्टर्ली' हे संशोधनपत्र निघालं. 1980 मध्ये फिलाडेल्फियात या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि संशोधक पीटर कीन यांनी सगळ्यांपुढे रोखठोक प्रश्न ठेवले. आपण कोणत्या शास्त्रांच्या आधारावर उभे आहोत? आपण नेमकं मोजतोय काय? एकाच्या कामावर दुसऱ्याचं काम रचलं जाणार कसं? हे प्रश्न यंत्राविषयीचे नव्हते. यंत्राभोवतीच्या माणसांविषयीचे होते.

आमच्या भागात त्यांची उत्तरं शोधायला लांब जावं लागलं नाही. या शतकाच्या सुरुवातीला कल्याण-डोंबिवली महापालिकेने ई-गव्हर्नन्स आणलं आणि पुढे राज्यातल्या कितीतरी पालिकांपुढे तोच नमुना ठेवला गेला. जन्मदाखला, घरपट्टी, तक्रार, एकेका कामासाठी वेगळ्या टेबलावर जाणारे आम्ही लोक नागरी सुविधा केंद्राच्या एका खिडकीशी उभे राहू लागलो. मी विद्यार्थ्यांना तिथे घेऊन जायचो आणि सांगायचो, संगणकाकडे नंतर बघा, आधी खिडकीच्या दोन्ही बाजूंची माणसं बघा.

आता त्या फाट्यावर उभं राहिलं तर जुनी खूण शोधावी लागते. भातखाचरांच्या जागी टॉवर आले, डोक्यावर उड्डाणपूल आला. वांद्रे-कुर्ला संकुलापासून बुलेट ट्रेनचा 21 किलोमीटरचा बोगदा, त्यातला 7 किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून, इथेच शीळफाट्याला येऊन पोचतो. जकात गेली, 2017 मध्ये जीएसटी आला, पुढच्या वर्षी ई-वे बिल, मग फास्टॅग. नाक्याच्या रांगेत रात्र काढणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत, त्यामुळे या बदलाचं मोल मला कोणी सांगायला नको. सातबाऱ्यासाठी तलाठ्याची वाट पाहत दिवस घालवलेल्या निळजे-काटईच्या शेतकऱ्याला 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळतो. ही लहान गोष्ट नाही. आणि त्या उताऱ्याच्या गाव नमुना बारामध्ये शेवटचा रकाना अजूनही शेऱ्याचा आहे, हे पाहून मला बरं वाटतं.

मागच्या महिन्यात कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका गोदामात गेलो होतो. गाड्या सोडण्याचं काम तिथे माझी एक जुनी विद्यार्थिनी बघते. पडद्यावर गाड्यांचे ठिपके सरकत होते. एक ठिपका फाट्यावर चाळीस मिनिटं थांबून लाल झाला होता. गाडी कुठे आहे आणि किती वेळ आहे, हे पडद्याला ठाऊक होतं. का आहे, ते नव्हतं. तिने फोन लावला. "दादा, पुढे कसं आहे?" पलीकडून आवाज आला, "पुलाचं काम चालू आहे ताई, महापेवरून काढतो."

प्रश्न तोच होता, फक्त टपरी नव्हती.

फोन ठेवून तिने पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका चौकटीत ते टिपून ठेवलं. म्हणाली, "सर, ही चौकट मूळ सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. भांडून घालून घेतली. दर शनिवारी या नोंदी वाचून पुढच्या आठवड्याच्या वेळा बदलते."

मी खुर्ची ओढून चष्मा लावला आणि जुन्या नोंदी दाखवायला सांगितल्या. पहिलीच होती, "कंपनीचं गेट दुपारी बंद. तीननंतर गाडी पाठवणे."