खुंट कुठला?

जानेवारी संपत आला की इंग्लंडातल्या आमच्या स्लाउमधल्या सुपरमार्केटात, कांद्याबटाट्यांच्या जाळ्यांपलीकडे, पुठ्ठ्याचा एक उभा खोका येऊन बसतो. त्यात छातीएवढ्या उंचीच्या वीस-पंचवीस काठ्या असतात. पान एकही नाही. बुडाशी मूठभर ओला भुसा घालून गुंडाळलेली प्लॅस्टिकची पिशवी आणि वर लटकणारं एक चित्र: लालबुंद सफरचंद, नाहीतर जांभळा प्लम. किंमत ६-७ पौंड. त्याच वाणाचं झाड चांगल्या रोपवाटिकेतून मागवलं तर २५-३० पौंड मोजावे लागतात. दहा वर्षांपूर्वी मी त्यातली पहिली काठी उचलली, ट्रॉलीत दूध आणि पावाच्या मधे आडवी ठेवली आणि घरी आणली. सफरचंदाचं झाड, चित्रावर नाव कॉक्स.

फोटो बाबांना पाठवला. बाबा दापोली तालुक्यात चाळीस वर्षं कलमं बांधत आले. त्यांचा लगेच फोन. पहिला प्रश्न, "अगो, माती कुठाय?" आणि मी समजावून सांगते तोवर दुसरा, "खुंट कुठला?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. आंब्याच्या कलमाची मुळं कधी उघडी पडत नाहीत. पिशवी कापताना मातीची हुंडी फुटली तर बाबा कलम बाजूला ठेवून देत, गिऱ्हाइकाला देत नसत. आंबा बारा महिने पानात असतो. पानांना पाणी लागतं, ते पोचवणारी बारीक मुळं तुटली की कलम माना टाकतं. सफरचंदाचं तसं नाही. नोव्हेंबरात पानं गाळून ते झोपी जातं. ७ अंश सेल्सिअसखालच्या थंडीचे साधारण हजारभर तास, वाणागणिक कमी-जास्त, अंगावरून गेल्याशिवाय त्याला नीट जाग येत नाही. त्या झोपेत मातीतून उपटलं, झाडून गाठोड्यात बांधलं, शेकडो मैल नेलं तरी त्याला कळत नाही, फक्त मुळं सुकता कामा नयेत. स्वस्ताईचं बरंचसं गुपित इथेच आहे. कुंडी नाही, माती नाही, म्हणून वजन नाही. ज्या जागेत कुंडीतली पन्नास झाडं मावतील तिथे उघड्या मुळांची कितीतरी पट मावतात. दुकान त्यांना महिना-दीड महिना जागा देतं आणि मोकळं होतं. अशा दुकानांपैकी मूळचं जर्मन असलेलं आल्डी इथे १९९० साली आलं, लिडल १९९४ साली. हिवाळ्यातली उघड्या मुळांची झाडं इंग्लंडातल्या लोकांना त्याआधीही ठाऊक होती, पण ती रोपवाटिकेत जाऊन किंवा टपालाने मागवून आणायची गोष्ट होती. भाजीच्या पिशवीतून झाड घरी यायला लागलं ते अशा दुकानांमुळे.

दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे ज्याच्या मुळांवर हे वाण बांधलंय तो खुंट कुठला याला, मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. चित्राखाली वाणाचं नाव होतं, ऊन किती हवं ते होतं, उंचीचा एक मोघम आकडा होता. खुंटाचं नाव नव्हतं. बहुतेक स्वस्त झाडांवर ते नसतंच.

बाबा हा प्रश्न सवयीने विचारतात असं नाही. त्यांच्याकडे चिकू खिरणीच्या खुंटावरच बांधला जातो. वाढायला खिरणी सावकाश, रोप बांधणीजोगं व्हायला दोन वर्षं घेते, पण त्यावरचा चिकू पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो. आंब्याला ते कोय कलम करतात: जूनमध्ये रायवळ बाठा रुजवायचा, रोपाची पानं तांबूस-कोवळी आहेत तोवरच शेंडा कापून खोडाला मधोमध चीर द्यायची आणि त्यात हापूसची काडी पाचरीसारखी बसवायची. तिथेही बाठे कुठल्या झाडाखालचे गोळा केले, याला त्यांच्या लेखी महत्त्व असतं. "वरचं झाड फळ देतं," ते मला लहानपणी सांगत, "खालचं झाड झाड देतं."

सफरचंदात तर खालच्या झाडाची सत्ता डोळ्यांना दिसते. तोच कॉक्स एम २७ या खुंटावर असेल तर माणसाच्या उंचीवर थांबतो आणि जन्मभर आधाराची काठी मागतो. एम ९ वर अडीच-तीन मीटर. एमएम १०६ वर चारेक मीटर होऊन स्वतःच्या पायावर उभा राहतो. एम २५ वर असेल तर छोट्या परसाचं सगळं ऊन गिळतो. ही अंकांची नावं केंटमधल्या ईस्ट मॉलिंगची आहेत. तिथे १९१३ साली फळझाडांचं संशोधन केंद्र सुरू झालं आणि रोनाल्ड हॅटन यांनी खुंटांची पारख हाती घेतली. त्या वेळी युरोपभर 'पॅरडाइज' आणि 'डूसँ' अशा नावांनी बुटके खुंट विकले जात, पण एका नावाखाली चार निरनिराळे खुंट असायचे आणि एकाच खुंटाला चार नावं. हॅटननी ठिकठिकाणांहून ते गोळा केले, शेजारी-शेजारी लावले, वर्षानुवर्षं पाहिले, एकसारखे एकत्र केले आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. पुढे लोकरी माव्याला दाद न देणारे खुंट हवेत म्हणून मर्टनच्या जॉन इन्स संस्थेबरोबर संकर झाले. एमएममधला दुसरा 'एम' मर्टनचा. आज जगातल्या सफरचंदांच्या बागांपैकी किती बागा या क्रमांकांवर उभ्या आहेत! आणि त्या केंद्रापासून दोन-अडीच तासांच्या वाटेवर मी बिनक्रमांकाचं झाड हातात धरून उभी होते. नाव हरवलेला खुंट ओळखायचा एकच मार्ग: लावायचा आणि बघत राहायचं.

मी बघायला लागले. पण बघायला झाड जगायला हवं, आणि दुसऱ्या वर्षी आणलेलं झाड जगलं नाही. ते मार्चच्या मध्यावर घेतलं होतं, निम्म्या किमतीला. दुकानातल्या उबेत त्याचे डोळे फुटून बोटाच्या पेराएवढे पोपटी झाले होते आणि मला वाटलं, वा, किती जोमदार! घरी पिशवी सोडली तर आत मुळं सुतळीसारखी कोरडी. रात्रभर पाण्यात ठेवली, लावलं. एप्रिलमध्ये पानं आली. शेजारीण म्हणाली, बघ, लागलं. मे महिन्यात एका आठवड्यात सगळं करपलं. झाडाने खोडात साठवलेल्या अन्नावर पानं काढली होती, खाली नवं मूळ एकही सुटलं नव्हतं. फुटलेला डोळा पाहून जगलं म्हणायचं नाही, हे बाबांनी कलमांच्या बाबतीत शंभरदा सांगितलेलं. इथे काठी निराळी दिसते म्हणून मी ते विसरले.

तेव्हापासून खोका दुकानात कुठल्या दिवशी येतो ते मी विचारून ठेवते आणि त्याच दिवशी सकाळी जाते. सगळ्यात उंच झाड घेत नाही. डोळे मिटलेले हवेत, खोडाला घट्ट चिकटलेले. सालीवर सुरकुती नको. अगदीच शंका आली तर एका फांदीच्या टोकाला नखाने जरासं खरवडते: खाली हिरवं ओलं दिसलं तर झाड जिवंत. मग जोड शोधायचा. बुडापासून वीतभर वर खोड किंचित वाकतं, जाड होतं, तिथे डोळा भरलेला असतो. ती गाठ भरून आलेली हवी, भेगाळलेली किंवा काळी नको. खालून पिशवी हाताने दाबून बघते. आत मुळांचा फुगा लागायला हवा. काही पिशव्यांत एकच सोटासारखं जाड मूळ असतं, खणताना बाकीची तुटलेली. ती मी परत ठेवते. आणि झाडाला खालच्या बाजूला दोन-तीन फांद्या असतील तर सोन्याहून पिवळं, पुढचा सांगाडा तिथूनच घडवता येतो.

त्या जोडावर माझं बोट नेहमी थांबतं. यंत्राने नांगरलेल्या, यंत्राने खणलेल्या शेतातलं हे झाड आहे, पण डोळा भरायचं काम आजही हाताचंच आहे. कुणीतरी भर उन्हाळ्यात ओळीत वाकून, गुडघ्याखालच्या उंचीवर, चाकूने चकती काढून डोळा बसवला, पट्टी गुंडाळली आणि पुढच्या खुंटाकडे सरकला. मी बाबांना तासन्‌तास तसं बसलेलं पाहिलंय. पावसाळ्यात मांडवात, गुडघ्यांवर गोणपाट, दातात पट्टी. म्हणून ६ पौंडांच्या झाडाला कुणी 'स्वस्तातलं' म्हणालं की मला लागतं. कलम दोन्हीकडे सारखंच बांधलेलं असतं. महागड्या झाडाबरोबर खुंटाचं नाव, थंड जागेतली साठवण आणि विचारायला माणूस मिळतो. इथे ते सगळं आपण भरून काढायचं.

लावणं सोपं आहे, पण कोकणातला हात इथे आवरावा लागतो. आमच्याकडे कातळात मीटरभर खड्डा, शेणखत, सुपर फॉस्फेट, वर सुटी माती. इथे मी खड्ड्यात खत घालत नाही. मऊ, पोसलेला खड्डा मिळाला की मुळं तिथेच घुटमळतात, बाहेरच्या चिवट मातीत शिरत नाहीत. खणलेलीच माती परत लोटायची, पायाने दाबायची. खत वरून, आच्छादन म्हणून, आणि खोडाला न टेकवता. जोड मातीच्या वर किमान चार बोटं राहिला पाहिजे. तो गाडला गेला तर वरच्या वाणाला स्वतःची मुळं फुटतात आणि खुंटाची सत्ता संपते. बुटकं म्हणून लावलेलं झाड मग छपराला लागतं. त्यानंतर, जीव घट्ट करून, शेंडा ७५ सेंटिमीटरवर कापायचा. प्लम आणि चेरीला मात्र हिवाळ्यात कात्री लावत नाही. पानं रुपेरी पाडणारा बुरशीचा रोग त्या ओल्या जखमांतून शिरतो. त्यांची छाटणी जून ते ऑगस्टमध्ये. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी आणि बुंध्याभोवती मीटरभर गवत नको. गवतात लावलेली स्वस्त झाडं मी इथल्या कितीतरी अंगणांत खुरटलेली पाहते, आणि दोष झाडाला दिला जातो.

खुंटांची ओळख हळूहळू पटत गेली. नाशपातीच्या बुडाशी तिसऱ्या वर्षी एक फुटवा आला. त्याची पानं गोलसर आणि खालून लवदार, वरच्या झाडाच्या गुळगुळीत पानांपेक्षा अगदी वेगळी. तो क्विन्स नावाच्या झाडाचा खुंट होता. फुटवा मुळापासून ओढून काढला, पण त्याआधी दोन पानं वहीत दाबून ठेवली. व्हिक्टोरिया म्हणून आणलेल्या प्लमला चौथ्या वर्षी लालसर फळांऐवजी निळीकाळी, आंबट फळं आली. लेबल चुकलं होतं. चार वर्षांनी कुणाशी भांडणार? मला त्याचं वाईट वाटलं, आजही वाटतं; वाणाचं नाव हे विकणाऱ्याने दिलेलं वचन असतं. झाड मात्र काढलं नाही, त्याचा मुरंबा उत्तम होतो.

आणि कॉक्स. रिचर्ड कॉक्स यांनी १८२५ ते १८३० च्या सुमारास हे वाण बियांपासून वाढवलं ते कोलनब्रुक गावात, माझ्या घरापासून पाच-सहा किलोमीटरवर, आता जिथे हीथ्रोची विमानं खाली उतरतात. पुढे स्लाउच्याच चार्ल्स टर्नर यांच्या रोपवाटिकेने ते बाजारात आणलं. मूळ याच मातीतलं हे वाण माझ्याकडे आलं तेव्हा लेबलवर हॉलंडचं नाव होतं. नाजूक आहे ते. पानांवर खपली पडते, ओल्या हिवाळ्यात सालीला व्रण होतात, आणि परागासाठी शेजारी दुसरं वाण लागतं. शेजारणीच्या कुंपणापलीकडचं जेम्स ग्रीव्ह ती सोय करतं. तिसऱ्या वर्षी पहिली फुलं आली. आता ते तीन मीटरवर थबकलंय, आधार काढला तर वाऱ्यात झुकतं, जोडाशी खोड मुठीसारखं फुगलंय. मी बाबांना सांगितलं, खुंट एम ९ नाहीतर एम २६ असणार. ते फोटो मोठा करून बराच वेळ बघत होते. म्हणाले, "खालच्या फांद्यांचा भार कमी कर, मग सांग."

या हिवाळ्यात असं झाड घ्यायचं मनात असेल तर खोका उघडतो त्या दिवशी घ्या, आणि त्या दिवशी लावता येत नसेल तर मुळं परसाच्या कोपऱ्यात ओल्या मातीत आडवी दाबून ठेवा. मार्चमध्ये निम्म्या किमतीला मिळालं आणि पालवी कितीही गोड दिसली, तरी घेऊ नका. लेबल फेकू नका. मागच्या कोऱ्या बाजूवर लावल्याची तारीख लिहा आणि खुंटासाठी एक ओळ रिकामी सोडा.