बैलांचा गोठा, माणसांची बैठक

आमच्या बागलाण तालुक्यात मळ्या-मळ्यांतून हिंडून पाहावे, रिकामे गोठे जागोजागी दिसतील. ट्रॅक्टर आले, बैलजोड्या बाजारात गेल्या आणि दावणी सुन्या पडल्या. कोणी तिथे खताच्या गोण्या टाकतो, कोणी सरपण. सटाण्याजवळच्या आमच्या वस्तीवरचा गोठाही असाच पडून होता. पाडून लाकूड-पत्रा विकून टाकावा, असे घरात पुष्कळदा निघाले. शेवटी आम्ही तो पाडला नाही. चार माणसांनी बसावे-उठावे अशी जागा केली. ती कशी केली ते सांगतो, कारण अशी पडकी जागा आपल्यापैकी अनेकांच्या दारात असेल.

आमच्या मागच्या पिढ्यांचा गोठ्याशी संबंध वेगळाच होता. गावात कोणाच्या गोठ्यात जनावर मेले की आमच्या माणसाला हाक यायची. ओढून न्यायचे आणि मुकाट्याने निघायचे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, स्वाभिमानाने जगा, असे बजावले. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या गुलामीविरुद्ध विधेयक मांडले. पण ही वतने प्रत्यक्षात गेली ती १९५८ च्या कायद्याने. त्या कायद्याप्रमाणे सरकारात रक्कम भरून जमिनीचा एक तुकडा आमच्या घरात राहिला. त्यावर आजोबांनी पहिली बैलजोडी आणली आणि हा गोठा बांधला. दुसऱ्यांच्या गोठ्यातून मेलेली जनावरे ओढणाऱ्या घराचा, जिवंत बैलांचा स्वतःचा गोठा! तो पाडायला हात का उठत नव्हता, हे वाचकांच्या लक्षात येईल.

काम दोन महिने चालले. मजूर थोडे, घरचेच हात जास्त. आधी आतली जमीन हातभर खोदून माती बाहेर काढली. जनावरांचे मूत वर्षानुवर्षे त्या मातीत मुरलेले असते. ते तसेच ठेवून फरशी बसवली तर पावसाळ्यात वास सुटतो. ती माती उकिरड्यावर गेली, पुढे खत म्हणून शेतात. मुरूम भरून, चोपून वर शहाबादी फरशी टाकली. सागाच्या दोन खांबांना बुडाशी वाळवी लागली होती. तेवढा भाग कापून खाली दगड बसवले आणि बुडाला डांबर फासले. पत्रा तापतो म्हणून खाली बांबूचे तट्टे बांधले, मधे वीतभर जागा सोडली. भिंतीच्या माथ्याशी असलेले झरोके बुजवले नाहीत. कांद्याची चाळ बांधणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. वारा खेळला की माल टिकतो, आणि माणसेही बसतात.

सजावटीला बाजारातून काही आणले नाही. अर्ध्या गव्हाणीवर फळ्या टाकून बाक केला, उरलेल्या अर्धीत मुलांची पुस्तके उभी राहिली. खुंट्यांवर दप्तरे आली. गाडीचे जुने चाक आडवे टाकून चहाचे टेबल झाले. फुटक्या कंदिलात बल्ब बसवला. बायकांनी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून बैठका केल्या. भिंतींना चुन्यात थोडी नीळ घालून हात दिला. बैलांच्या गळ्यातली घुंगरमाळ दाराला टांगली. कोणी आले की ती आपोआप वाजते.

खरा वाद झाला तो एका काठीवरून. माळ्यावरचे सामान उतरवताना पणजोबांची घुंगरांची काठी सापडली. गावकीच्या कामाला निघताना हातात असायची, ती. पुण्याहून आलेला पुतण्या म्हणाला, "काका, ही समोरच्या भिंतीवर लावू. किती शोभेल!" त्याचे मन वाईट नव्हते. शहरातल्या हॉटेलांतून नांगर, जोखड, गाडीची चाके भिंतीवर लावलेली त्याने पाहिली होती. विलायतेतही चर्चसाठी धान्य साठवायची जुनी कोठारे आता लग्नाची सभागृहे झाली आहेत. पण आमच्या आत्या ताडकन उठल्या. म्हणाल्या, "बाळा, चाक आम्ही फिरवलं, ते लाव. ही काठी घेऊन माझा आजा दारोदार हाका देत फिरायचा, आणि त्याला कोणी ओट्यावर बसू देत नव्हतं. तिच्याखाली बसून मला चहा गोड लागायचा नाही."

मग कोणी म्हणाले, जाळून टाकू. त्यालाही आत्यांनीच नाही म्हटले. "जाळली तर पोरांना काय सांगाल?" अखेर काठी पेटीत ठेवली. ती शोभेची वस्तू नाही. मुलांनी विचारले की काढायची, हातात द्यायची आणि सगळी हकिकत सांगायची. पुतण्याने ती पहिल्यांदा ऐकली त्या रात्री तो बराच वेळ गप्प बसून होता.

आता बैठक रोज भरते. संध्याकाळी दहावी-बारावीच्या मुली अभ्यासाला येतात; दोन खोल्यांच्या घरात टीव्हीपुढे ज्यांना वही उघडायला जागा नव्हती, त्या. दुपारी बायका बचत गटाचा हिशेब करतात. सोयरीक पाहायला पाहुणे आले की याच जागी बसतात. म्हातारी माणसे अहिराणीत गप्पा मारत असतात, नवीन कोणी दारात दिसला की हाक येते, "या, आठे बठा." एकाने ही जागा पार्ट्यांना भाड्याने मागितली, पैसेही बरे देत होता. घरात बसून विचार केला आणि नाही म्हटले. नियम तीनच आहेत : दारू नाही, भाडे नाही, आणि उंच खुर्ची कोणालाच नाही. किल्ली बायकांकडे असते.

आपल्या दारातही एखादा गोठा, एखादी जुनी चाळ पडून असेल तर पाडण्याआधी एकदा आत जाऊन उभे राहा. खांब ठोकून पाहा, छप्पर पाहा. आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाला जवळ बसवून विचारा, यातले काय भिंतीवर लावायचे आणि काय पेटीत ठेवायचे. ते सुतार किंवा गवंडी सांगू शकणार नाही.