खर्ड्याचं मैदान आणि रात्रीची ढोलकी

मैत्रिणींनो, सुट्टीत कुठं जायचं म्हटलं की आपल्या तोंडी ठरलेली नावं येतात. माहेर, महाबळेश्वर, नाहीतर एखादं देवस्थान. यंदा मी चैत्रात मावशीकडे खर्ड्याला गेले. "तिथं बघायचं काय?" असं घरच्यांनी विचारलंच. म्हणून मुद्दाम लिहिते.

खर्डा जामखेड तालुक्यात. अहिल्यानगरहून (म्हणजे आपल्या जुन्या अहमदनगरहून) एस.टी.ने जामखेड गाठायचं आणि तिथून आणखी वीसेक किलोमीटर. मुलूख कोरडा, ज्वारीचा. गावाशी येताच किल्ल्याचा दगडी तट दिसतो. २०२१ साली इथे चौऱ्याहत्तर मीटर उंच भगवा ध्वज उभारला, तो फार लांबूनच खुणावतो.

शाळेत घोकलेली खर्ड्याची लढाई आठवते ना? ११ मार्च १७९५. शिंदे, होळकर, भोसले असे सारे सरदार पेशव्यांच्या जरीपटक्याखाली एकत्र आले, ते शेवटचेच. निजामाने याच किल्ल्याचा आसरा घेतला आणि अखेर तह केला. पण पुस्तकात न वाचलेली एक गोष्ट सांगते. निजामाच्या फौजेत बायकांच्या दोन पलटणी होत्या, हजार-हजार जणींच्या! त्या इथे लढाईत होत्या आणि इतर फौजेपेक्षा काही कमी पडल्या नाहीत, असं लिहून ठेवलेलं आहे. तरीही निजामाच्या माघारीचा बोल इतिहासकारांनी लावला तो त्याच्या घाबरलेल्या बेगमेला. तटाखाली उभी राहून मला हसू आलं. चूक कुणाचीही असो, ती बाईच्या पदरात!

संध्याकाळी मावशी म्हणाली, "परवा शेजारच्या गावची यात्रा आहे. तमाशा येणार आहे. येतीस का?"

मी गप्पच झाले. लहानपणी यात्रेत रात्री हलगी कडाडायला लागली की आमच्या घरच्या खिडक्या लागायच्या. पुरुषमंडळी उपरणं टाकून निघायची आणि आम्ही अंथरुणात पडून लांबून ढोलकी ऐकायचो. तुमच्याकडेही असंच असेल. पन्नाशी आली, पण तमाशा म्हणजे नेमकं काय ते मी पाहिलेलं नव्हतं.

यात्रेच्या तमाशाला तिकीट नसतं. गावकरी वर्गणी काढतात आणि पुढारी मंडळी पुणे जिल्ह्यात नारायणगावला जाऊन सुपारी देतात. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा ठरतात. दसऱ्याला सुरू झालेला हंगाम बुद्धपौर्णिमेपर्यंत चालतो. जामखेडची थिएटरं प्रसिद्ध आहेत, पण तिथली संगीत बारी वेगळी. तिथे गाणं आणि अदाकारी. उघड्या मैदानावर उतरतो तो ढोलकीचा फड, आणि त्यात वगनाट्य असतं.

दोन दिवस गावात दुसरा विषयच नव्हता. पोरं रस्त्यावर ट्रकची वाट बघत होती. ट्रक आले, फळ्या जोडल्या, दिवे लागले. मी आणि मावशी सतरंजी घेऊन बायकांच्या बाजूला बसलो.

आधी गण झाला, गणपतीला वंदन. मग गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, वाट अडवणारा कृष्ण, त्याचा बोबडा पेंद्या आणि लुगडं नेसलेला पुरुष म्हणजे मावशी. अहो, काय हसलो आम्ही! माझा भाचा अमेरिकेत असतो. तिथेही गावाकडच्या गाण्यांच्या मोठ्या गायकाआधी धाकटे कलाकार मैदान तापवतात, असं तो सांगतो. आपल्याकडे ते काम गण-गवळण कधीपासून करते आहे. मुख्य बाई येते ती त्यानंतर. लावण्या होतात, आणि मध्यरात्रीच्या पुढे वग.

तिच्या घुंगरांकडे बघताना मला विठाबाई नारायणगावकर आठवल्या. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या. कळा आल्या तशा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि परत बोर्डावर आल्या, असं सांगतात. पोट उतरलेलं बघून प्रेक्षकांच्या ध्यानात आलं आणि त्यांनीच खेळ थांबवायला लावला. राष्ट्रपती पुरस्कार मिळालेली ही बाई २००२ साली गेली, तीही हलाखीत. आपल्याला बाळंतपणात सव्वा महिना अंगाला तेल लागतं, डिंकाचे लाडू मिळतात. त्या रात्री खिडक्या लावून आपण कुणाकडे पाठ फिरवली होती, हे मला पहिल्यांदा कळलं.

तमाशाकडे नाक मुरडणं जुनंच आहे. याच जिल्ह्यातल्या संगमनेरचे शाहीर अनंत फंदी अहिल्यादेवींच्या सांगण्यावरून तमाशा सोडून कीर्तनाकडे वळले, अशी कथा आहे. अहिल्यादेवींचा जन्म चौंडीचा, म्हणजे याच जामखेड तालुक्यातला. त्या थोर साध्वीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण कीर्तनाकडे वळायची सोय शाहिराला होती. फडावरच्या बाईला कुठे वळायचं?

सकाळी हजेरीचा कार्यक्रम होता. त्याआधी ट्रकपाशी एक कलावंत बाई लेकीची वेणी घालत होती. रात्री हिलाच शिट्ट्या पडत होत्या. मी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. तिने घेतली आणि विचारलं, "ताई, तुम्ही बसला होता का रात्री? बायका बसल्या की जरा बरं वाटतं. लोक नीट वागतात."

एवढंच बोलली आणि पुन्हा वेणीत रिबीन गुंफू लागली.

तेव्हा तुम्हालाही जायचं असेल तर सांगते. किल्ला सकाळी उन्हाआधी बघावा. जवळच्या गावची यात्रा कधी ते आधी विचारून ठेवावं. रात्री गारवा असतो, शाल आणि पाणी बरोबर असू द्या. एकटीने नको, चारचौघी मिळून जा आणि पुढे बसा.

पुढच्या चैत्रात मी लेकीला घेऊन जाणार आहे. यजमानांनाही सांगून टाकलंय. यायचं तर या म्हटलं, पण बायकांच्या बाजूला जागा मिळायची नाही!