सभामंडप

८ ऑगस्ट २०२४ची रात्र. मंगळवार पेठेत लेकाच्या घरी जेवण करून मी अंथरुणाकडं वळलो होतो, तेवढ्यात नातू वरनं ओरडला, "आबा, खासबागेकडं बघा की, आभाळ पेटलंय!" गच्चीवर गेलो तर धुराचा लोट आणि खाली लालभडक उजेड. गल्लीतली पोरं पळत सुटलेली. कुणीतरी म्हणालं, "केशवराव पेटलंय." घरातलं माणूस गेल्यासारखं म्हणालं. दुसऱ्या दिवशी केशवराव भोसल्यांची जयंती होती.

सकाळी जाऊन बघितलं. दगडी भिंती उभ्या, आत काळा राडा आणि वर नुसतं आभाळ. लहानपणी आम्ही गावाकडनं इथं यायचो तेव्हा वडील खासबागेच्या कुस्तीला आणि आई नाटकाला. दोन्ही एकमेकाला खेटून. शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले, रोममधलं ते दगडी गोल मैदान बघून आले आणि खासबाग बांधायला घेतली. शेजारी हे पॅलेस थिएटर उभारलं, ते १९१५ साली पुरं झालं. केशवरावांचं नाव त्याला पुढं मिळालं. कुस्ती लवकर सुटली तर वडील नाटकाच्या दारात येऊन तंबाखू मळत बसायचे. आत कधी आले नाहीत.

बाहेर गर्दी. काहींच्या डोळ्यांत पाणी. "होतं तसं उभं करा," एवढंच सगळे म्हणत होते. नाट्यगृह महापालिकेचं, एवढा पैसा तिला घरातनं काढणं जमणार नाही, राज्याकडं हात पसरावा लागणार, हे मला दिसत होतं. पुढं मुख्यमंत्र्यांनी २० कोटी जाहीर केले. शेजारचे म्हणाले, "पैसा आला, आता काय काळजी?" मी गप्प बसलो. मला एक सभामंडप आठवत होता.

मी ग्रामसेवक होतो. राधानगरीकडच्या एका गावात भैरोबाचं देऊळ होतं. पुढं सागवानी मंडप, खांबांवर वेलबुट्टी. एक बाजू कललेली, पावसाळ्यात गळायचा. मी दुरुस्तीचा प्रस्ताव केला. परत आला. शेरा होता, दुरुस्तीसाठी लेखाशीर्ष उपलब्ध नाही. कचेरीतल्या बाबूनं चहा पाजला आणि सांगितलं, "नवीन सभामंडप म्हणून द्या, याच वर्षात बसवतो." दोष त्याचा नव्हता. दरसूचीत सिमेंटचा दर पटकन सापडतो; चुन्याची घाणी आणि नक्षीचा खांब बसवणाऱ्या सुताराची मजुरी कुठल्या पानावर शोधायची? मी रात्रीत कागद बदलले. ग्रामसभेत टाळ्या पडल्या. महिन्यात मंडप उतरवला, खांब कुणाच्या गोठ्यात गेले, कुणाच्या चुलीत. वर स्लॅब आला. म्हातारा गुरव मला म्हणाला, "भाऊसाहेब, चांगलं केलासा. पर देव आता एस्टी स्टँडावर बसल्यागत वाटतोय."

त्या मंडपाचा ना नकाशा, ना मोजमाप. एका लग्नाच्या फोटोत नवरीच्या मागं दीड खांब दिसतो. तेवढाच उरला.

जळीतानंतर आमच्या तालमीतला एक पोरगा निवेदन घेऊन आला. "आबा, तुम्ही जन्मभर प्रस्तावच लिव्हलाय, एवढं बघा." पहिलीच ओळ, 'भव्य व अत्याधुनिक नाट्यगृह उभारण्यात यावे'. पेन माझ्या हातात अडकलं.

"होतं तसं म्हणतोस, ते कुठल्या सालचं रे? पंधरा सालचं का परवाचं?"

त्याला उत्तर नव्हतं. मलाही कुठं होतं? मधे किती रंग बदलले, खुर्च्या बदलल्या. मी ज्याला जुनं म्हणतो ते माझ्या आईला नवं वाटलं असतं.

मग दोघं बसलो. आधी भिंतींची तपासणी, आगीत दगड तडकलेत का ते. मग दगड न दगड मोजून नकाशे. लोकांच्या घरातले जुने फोटो गोळा करायचे, अगदी लग्नाचे, सत्काराचेसुद्धा, कारण मागं दार दिसतं, कमान दिसते. जुन्या वास्तूंचं काम केलेला वास्तुविशारद, चुना मळता येणारे गवंडी. आणि या तयारीचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवायचा, बांधकामाच्या पोटात नाही. पोटात गेला की पहिला तोच कापला जातो. हे मी तीस वर्षं बघितलंय.

"लई लांबतंय, आबा. लोकास्नी कवा पडदा वर जातोय ते पायजे."

त्याचंही खरं होतं. किती बॅकस्टेजवाल्यांची चूल त्या पडद्यावर होती. मी म्हटलं, "पडदा जाऊ दे वर. पर भिंतीला हात लावायच्या आधी मोज. आणि ते 'भव्य' तेवढं काढ."

त्यानं 'भव्य' खोडलं. 'अत्याधुनिक' मात्र ठेवलं. म्हणाला, त्याशिवाय साहेब लोक पुढचं पान उलटत न्हाईत.