बिलावरचे दोन आकडे

क्रेडिट कार्ड मी पहिल्यांदा पाहिलं ते गल्ल्याच्या आतल्या बाजूने. माझे वडील अण्णा पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या एका साड्यांच्या दुकानात कॅशियर होते. सेंट्रल बँकेने 1980 साली आपलं कार्ड आणलं, त्याला बरीच वर्षं झाली होती. तरी कार्ड पुढे करणारं गिऱ्हाईक क्वचितच यायचं. आलं की अण्णा खणातून ते जड यंत्र काढायचे, त्यात कार्ड बसवायचे, वर कार्बनची पावती ठेवायचे आणि दांडा इकडून तिकडे दाबून सरकवायचे. कार्डावरची उठावाची अक्षरं पावतीवर उमटायची. त्याआधी बँकेकडून आलेल्या पुस्तिकेत चोरीच्या आणि बंद केलेल्या कार्डांचे नंबर तपासायचे, रक्कम मोठी असली तर बँकेला फोन लावायचा. एवढं करून दुकानाच्या खात्यात पैसे पडायचे ते कमिशन कापूनच. मालकांना कार्ड आवडत नसे ते त्यामुळे. यातला फायदा कुणाच्या तरी पदरचा असतो, हे अण्णांनी मला तिथेच सांगितलं होतं.

मी नोकरीला लागले तेव्हा काळ बदलला होता. ऑफिसच्या दारात, पेट्रोल पंपावर फॉर्म घेतलेली मुलं उभी असत. मला रेल्वेची तिकिटं घरबसल्या काढायची होती म्हणून मी एक फॉर्म घरी आणला. अण्णांनी तो चष्मा लावून मागच्या बारीक अक्षरांपासून वाचायला घेतला. महिन्याला साडेतीन टक्के व्याज होतं. म्हणजे वर्षाला बेचाळीस. त्यांनी तो आकडा पेन्सिलीने समासात लिहिला आणि म्हणाले, "घे. पण हा दर तुला कधी द्यावा लागणार नाही, अशा बेताने वापर."

तो बेत साधतो, आणि साधला की कार्ड खरंच गुणाचं आहे. बिलाच्या तारखेनंतर लगेच खरेदी केली तर पन्नासएक दिवस बिनव्याजी मिळतात. आमचा फ्रीज असाच आला. पैसे बँकेत तयार होते, ते तेवढे दिवस तिथेच राहिले. ऑनलाइन खरेदीत वस्तू खराब निघाली तर तक्रार करून रक्कम अडवता येते. नियमित भरणा केला की सिबिलचा पतगुणांक चांगला राहतो, आणि पुढे घराच्या कर्जाला तो उपयोगी पडतो. एटीएममधून या कार्डाने रोख मात्र कधी काढू नये. तिथे बिनव्याजी मुदत नसते. पहिल्या दिवसापासून व्याज, वर शुल्क.

रिवॉर्ड पॉइंटांचं मला पहिल्यांदा फार अप्रूप वाटलं. पण हिशेब घालून बघावा. माझ्या कार्डावर दीडशे रुपयांना एक पॉइंट मिळे आणि एका पॉइंटचे पंचवीस पैसे होत. लाखभर खर्चावर जेमतेम एकशे सहासष्ट रुपये. चांगल्या कार्डावर एक टक्का परत मिळतो, म्हणजे हजार. जो खर्च होणारच आहे, किराणा, वीजबिल, विम्याचा हप्ता, त्यावर पॉइंट जरूर घ्यावेत. पॉइंटांसाठी एक रुपयाही जास्त खर्च करू नये. वार्षिक शुल्क माफ व्हावं म्हणून वर्षअखेरीला नको ती खरेदी करणारी माणसं मी पाहिली आहेत. मला त्यांची काळजी वाटते.

काळजी वाटायला कारण आहे माझा मावसभाऊ. ठाण्याला राहायचा, कारखान्यात कामाला होता. ओव्हरटाइम बंद झाला आणि घर कार्डांवर चालू लागलं. तो दर महिन्याला न चुकता पैसे भरत होता. बिलावर दोन आकडे असतात, एकूण देय आणि किमान देय. तो दुसरा भरायचा, आणि भरलं म्हणून निश्चिंत व्हायचा. पन्नास हजारांची बाकी धरा. साडेतीन टक्क्यांनी महिन्याचं व्याज सतराशे पन्नास, त्यावर आजच्या अठरा टक्क्यांप्रमाणे जीएसटी तीनशे पंधरा. किमान रक्कम अडीच हजार असेल तर त्यातून मूळ कर्ज फिटतं ते फक्त चारशे पस्तीस रुपयांनी. दोन लाखांच्या खरेदीवर एक टक्क्याने मिळालेलं सगळं बक्षीस त्या एका महिन्यात जातं. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. आज घेतलेल्या दुधाच्या पिशवीवर आजपासून व्याज.

वसुलीचे फोन वहिनीला येऊ लागले तेव्हा आम्हाला कळलं. आम्ही सगळी बिलं जमिनीवर मांडून बसलो. कार्डं वापरणं त्या दिवशी बंद झालं. अर्ध्यात मिटवून टाकू, असं एक वसुलीवाला सांगत होता. ते आम्ही घेतलं नाही, कारण तशी तडजोड सिबिलच्या नोंदीत वर्षानुवर्षं दिसत राहते. कारखान्याच्या कामगार पतपेढीचं कर्ज कितीतरी कमी दराने मिळालं. त्यातून सगळ्यात महाग कार्ड आधी फेडलं. उरलेल्यासाठी वहिनीने आपणहून पाटल्या गहाण ठेवल्या. त्या सुटल्या, पण त्याला फार काळ लागला.

कार्डाच्या थकबाकीवर तीस टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये तो निर्णय रद्द केला. कायद्याची बाजू काही असो, मला ते वाचून वाईट वाटलं. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये मात्र काही चांगले नियम आणले, काही आधीचे पक्के केले. न मागता कार्ड देता येत नाही. बाकी चुकती करून कार्ड बंद करायला सांगितलं की सात कामाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवं, नाहीतर बँकेने ग्राहकाला दिवसाला पाचशे रुपये दंड द्यायचा असतो. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. हे संरक्षण वहिनीला तेव्हा मिळायला हवं होतं.

आता माझी मुलगी रुपे कार्ड यूपीआयला जोडून चहाचे पैसेसुद्धा क्रेडिटवर देते. 2022 पासून ही सोय आहे. तिला मी अडवत नाही. दर रविवारी ती अॅपमध्ये बाकी बघते आणि तेवढी रक्कम बचत खात्यात आहे ना, याची खात्री करते. एवढं मात्र मी तिच्याकडून करून घेतलं.

तुमच्याकडे कार्ड असेल तर या महिन्याचं बिल उघडा आणि आपोआप भरण्याची सोय कुठल्या आकड्यावर लावली आहे ते बघा. किमान देय असेल तर आजच बदलून एकूण देय करा. ती रक्कम खात्यात नसेल, तर कार्ड कपाटात ठेवा आणि घरात कुणाला तरी आजच सांगा.