वीज नसताना

आहुपे येथे श्रावणात वीज गेली की ती केव्हा येईल, हे कोणी विचारीत नाही. घोड नदी याच परिसरात उगम पावते. गावाच्या पश्चिमेला सह्याद्रीचा कडा सरळ खाली कोकणात उतरतो आणि धुके दारातून घरात येते. अशाच एका दुपारी आम्ही मामांची इलेक्ट्रिक गिटार मांडीवर घेऊन बसलो होतो.

निवृत्तीनंतर मामा येथे राहावयास आले, ते आपला लहानसा वाद्यसंग्रह घेऊन : एक हार्मोनियम, एक बुलबुलतरंग, दोन हवाईन गिटारी आणि ही. त्यांच्या पश्चात घर आवरण्याचे काम आमच्याकडे आले. एका संग्राहकाने गिटार घेण्याची तयारी दाखविली होती. मात्र आधी नवा रंग द्यावा, झिजलेले पडदे बदलावेत, अशी त्यांची अट होती.

गिटार जपानच्या टेइस्को कंपनीची, १९६०च्या दशकातली. १९४६ साली सुरू झालेली ही कंपनी १९६७ मध्ये कावाईकडे गेली. फेंडर किंवा गिब्सन यांची प्रतिष्ठा तिच्या वाट्याला आली नाही. वाङ्मयेतिहासात काही लेखक केवळ तळटीपेत उरतात, तसेच तिचे स्थान. परंतु तळटीपेतला लेखकही कोणीतरी जन्मभर वाचलेला असतो. मामांनी ही गिटार गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रांत वर्षानुवर्षे वाजविली. उजवा हात टेकून टेकून कडेचा रंग उडाला आहे. पाचव्या ते सातव्या पडद्यांवर तारांनी खाचा पाडल्या आहेत. त्यांची बोटे कोठे रमत, हे त्या खाचांवरून वाचता येते. पाठचिकित्सा शिकविणारा कोणता अध्यापक पोथीच्या समासातील टिपा खरवडून ‘स्वच्छ’ प्रत तयार करील?

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय आठवले. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी दिवे, अडकित्ते, वाद्ये अशा नित्याच्या वापरातील वस्तू जमविल्या. अशा वस्तूंवरील हातांच्या खुणा हेच त्यांचे चरित्र असते. तरी काचेआडच्या वाद्यांसमोर उभे राहिले की एक रुखरुख लागतेच : यांचा आवाज कसा असेल?

इलेक्ट्रिक गिटारीचा आवाज तर विजेवरच अवलंबून. पोलादी तार कंप पावते, खालच्या चुंबकाभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यात क्षीण प्रवाह निर्माण होतो आणि ॲम्प्लिफायर त्याचा नाद करतो. पोकळ पेटीची तिला गरज नाही. म्हणून वीज नसताना ती मुकीच, असे आम्ही धरून चाललो होतो. सहज एक तार छेडली. डासाच्या गुणगुणण्याएवढा स्वर उमटला. आम्ही कान लाकडाला टेकविला, आणि तो स्वर ओळखीचा निघाला.

मामा चाळीतल्या एका खोलीत राहत, तेव्हा सुटीत आम्ही त्यांच्याकडे जात असू. शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून रात्री ते वायर न जोडताच रियाज करीत. आम्हांला वाटे, मामा वाजविण्याचे नाटक करीत आहेत. आणि तेच ऐकता ऐकता आम्ही झोपी जात असू. मंचावरचे त्यांचे वादन अनेकांनी ऐकले. हे मात्र आमच्याखेरीज कोणी ऐकले नसावे.

तारा गंजल्या होत्या, तेवढ्या बदलल्या. रंगाला आणि पडद्यांना हात लावला नाही. संग्राहकांना नकार कळविला. कारण मात्र नीटसे सांगता आले नाही.